फोन घरात आहे, पण हातात कोणाच्या?

२०२० चा जून. शाळा बंद, आणि "शाळा बंद पण शिक्षण सुरू" असं राज्यभर चाललेलं. मी नाशिकमध्ये सातपूरकडच्या एका शाळेत शिकवते, तेव्हा वर्गशिक्षकांना एक तक्ता भरून द्यायचा होता, विद्यार्थ्याचं नाव आणि पुढे घरी स्मार्टफोन आहे की नाही. मी दोन दिवस बसून प्रत्येक पालकाला फोन लावला आणि जवळपास प्रत्येकाच्या पुढे "आहे" लिहिलं, कारण खरंच होता ना, मी त्याच फोनवर बोलत होते. तक्ता वर गेला. मग ऑनलाइन तास सुरू झाले आणि स्क्रीनवर बोटावर मोजण्याइतकी मुलं.

आठवीतली एक मुलगी होती, हुशार, वहीतलं अक्षर बघत राहावं असं. ती तासाला कधीच नसायची पण गृहपाठाचे फोटो मात्र रोज रात्री सव्वादहा-साडेदहाला यायचे, पिवळ्या बल्बच्या उजेडात काढलेले, वहीवर तिच्याच हाताची सावली. मी एकदा तिला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, फोन आहे ना आमच्याकडे, पण माझा नंबर नऊनंतर लागतो." वडील अंबडला कंपनीत, फोन त्यांच्यासोबत जायचा. ते आले की आधी दहावीतला भाऊ, मग आईला मामाशी बोलायचं असायचं, मग ही. आणि मी तिच्या नावापुढे "आहे" लिहून मोकळी झाले होते. ते "आहे" खोटं नव्हतं, पण त्यातून तिच्याबद्दल काहीच कळत नव्हतं.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आपल्या देशात कोणाकडे किती तंत्रज्ञान पोचलंय हे आपण मोजतो कसं, आणि त्या मोजण्यावर पुढे काय काय ठरतं.

आधी एक गोष्ट कबूल करते, आकडे वाढलेत आणि ते खरे आहेत. २०११ च्या जनगणनेत रेडिओ, टीव्ही, कॉम्प्युटर, फोन, सायकल, गाडी अशी यादी घरोघर विचारली होती, तेव्हा देशातल्या ६३.२ टक्के घरांत कुठला ना कुठला फोन होता आणि इंटरनेटसकट कॉम्प्युटर फक्त ३.१ टक्के घरांत. यादीतली एकही वस्तू नसलेली घरं होती १७.८ टक्के. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात इंटरनेटची सोय असलेली घरं २३.८ टक्के निघाली, गावात १४.९ आणि शहरात ४२. आणि जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या सांख्यिकी खात्याने जो टेलिकॉमवरचा सर्व्हे केला त्यात निदान एक स्मार्टफोन असलेली घरं ८५.५ टक्के, घरात इंटरनेट असलेली ८६.३. सात वर्षांत एवढी झेप, २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला तो नसता झाला तर हे शक्यच नव्हतं, आणि मला याचा मनापासून आनंद आहे. माझ्या शाळेतली मुलं आज ज्या गोष्टी फोनवर बघून शिकतात त्या मला बी.एड.ला पण कोणी दाखवल्या नव्हत्या.

पण ८५.५ हा आकडा घरांचा आहे, माणसांचा नाही. आणि आपल्याकडे पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

कुटुंब म्हणजे काय, तर एका स्वयंपाकघरातून जेवणारी माणसं, जनगणनेपासून सगळीकडे साधारण हीच व्याख्या. धान्य, गॅस, पाणी, संडास मोजायला ती अगदी बरोबर आहे कारण या गोष्टी घरात आल्या की कमीजास्त का होईना पण सगळ्यांपर्यंत पोचतात. फोनचं तसं नाही. चूल सगळ्यांची असते, फोनला पासवर्ड असतो. आणि तो खिशात बसून सकाळी सातला कंपनीत निघून जातो. गंगापूर रोडवरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये चार माणसांत पाच फोन, दोन लॅपटॉप, वायफाय आणि नेटवर चालणारा टीव्ही असतो, आणि माझ्या त्या मुलीच्या खोलीत पाच जणांत एक फोन, दोन्हीकडे सर्व्हेवाला एकच उत्तर लिहिणार, "हो", आणि दोन्ही घरं त्या ८५.५ मध्ये शेजारी शेजारी बसणार.

घराच्या आतला फरक किती मोठा आहे हे आपल्याला माहीत नाही असंही नाही, ज्यांनी नीट विचारलं त्यांना ते दिसलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ ची. त्यात देशातल्या सुमारे ९३ टक्के घरांत मोबाईल होता. पण त्याच सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांना वेगळं बसवून विचारलं की तू स्वतः वापरतेस असा फोन तुझ्याकडे आहे का, तर हो म्हणणाऱ्या ५३.९ टक्के. घरात ९३, हातात ५४. आपल्या महाराष्ट्रात, ज्याला आपण पुढारलेलं राज्य म्हणतो, कधीतरी इंटरनेट वापरलंय असं सांगणाऱ्या बायका ३८ टक्के आणि पुरुष ६१.५. हे आकडे आता जुने झाले, आज ते नक्कीच वर गेले असतील. पण दरी बुजली असं समजायला काही कारण नाही, कारण २०२३ च्या "असर" या शिक्षणावरच्या पाहणीत निवडक जिल्ह्यांतल्या गावांमध्ये १४ ते १८ वयाच्या ज्या मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येत होता त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के होत्या. एकाच घरातले बहीणभाऊ आहेत हे, एकाच ताटातलं जेवणारे.

दुसरी गोष्ट, उत्तर कोण देतं. मी दोन-तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या संस्थेसोबत उन्हाळ्याच्या सुट्टीत पेठ तालुक्यात पाहणीला गेले होते, फॉर्म साधाच होता, घरात काय काय आहे वगैरे. दारात बाई असायची, भाकरी थापत किंवा पाणी भरत, आणि पहिला प्रश्न विचारला की ती आत बघायची, "त्यांना विचारा." मग घरातला पुरुष बाहेर यायचा आणि सगळ्यांच्या वतीने सांगायचा, बायको फोन वापरते का, हो वापरते की, मुलगी वापरते का, हो तीपण. एका घरी मी मुद्दाम थांबले आणि तो माणूस बैल बांधायला गेल्यावर त्या ताईंना म्हटलं, मला तुमच्या बहिणीला फोन लावून दाखवता का. त्यांनी फोन हातात घेतला, पदराने काच पुसली आणि माझ्याकडे दिला, म्हणाल्या, "पोरगं लावून देतं, मी बोलते." नंबर पाठ होता बरं का, सगळा दहा आकडी, एका दमात सांगितला. पण स्क्रीनवर बोट कुठून कुठे सरकवायचं हे त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं कधी. फॉर्ममध्ये त्यांच्यापुढे "मोबाईल वापरते" अशी टिक आधीच झालेली होती, माझ्याच हाताने.

मग या ताई वापरणाऱ्या की न वापरणाऱ्या? माझं म्हणणं असं की दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. त्यांच्या आयुष्यात फोन आहे, बहिणीचा आवाज त्यातून येतो, पण मुलगा घरी नसेल तर तोच फोन त्यांच्यासाठी काचेचा तुकडा. दुसऱ्याच्या हाताने वापर हा आपल्याकडे सर्रास होतो आणि त्याला मला तरी कुठल्या तक्त्यात रकाना दिसलेला नाही. ई-पीक पाहणी बघा, १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यात सुरू झाली, शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून ॲपमध्ये पिकाचा फोटो काढून सातबाऱ्यावर नोंद करायची, कल्पना खरंच चांगली. पण सातबारा ज्या विधवा बाईच्या नावावर आहे तिची नोंद पुतण्या करतो, किंवा गावातला एखादा पोरगा वीस-तीस खात्यांची नोंद करून देतो. लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीला, २०२५ मध्ये तिचा आधार ओटीपी आणि वर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार ओटीपी, तर सेतूवर दिवसभर रांगा, हातात कागद, ओटीपी कोणाच्या तरी फोनवर, तो फोन कुठल्या तरी कंपनीत दुसऱ्या शिफ्टला. सर्व्हरवर मात्र नोंद होते की लाभार्थीने ऑनलाइन प्रक्रिया पूर्ण केली. उद्या कोणी त्या आकड्यावरून म्हणालं की बघा, एवढ्या बायका डिजिटल झाल्या, तर त्याला चूक कोण दाखवणार?

अंगणवाडी सेविकांचंही आठवा. त्यांना सरकारी मोबाईल दिले होते, म्हणजे कागदावर शंभर नंबरी काम, आणि २०२१ मध्ये राज्यभर हजारो सेविकांनी ते फोन परत केले. फोन अडकायचे, गरम व्हायचे, ॲप इंग्रजीत. ज्या बाईला वीस वर्षं गावातल्या प्रत्येक बाळाचं वजन तोंडपाठ आहे तिला इंग्रजी रकान्यांपुढे अडाणी ठरवायचं हे मला तेव्हाही सहन झालं नव्हतं आणि आजही होत नाही.

आता रिचार्ज. याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण यावर कोणी बोलत नाही.

माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, द्राक्षाचं. दिवाळीच्या सुमारास भात-नागली निघाली की पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या खाली उतरतात, गोडी छाटणी, मग डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, मग माल काढायचा, म्हणजे मार्चपर्यंत माणसं दिंडोरी-निफाडच्या बागांमध्येच, शेडमध्ये किंवा बागेच्या कडेला राहतात. गेल्या जानेवारीत गेले होते तेव्हा संध्याकाळी आमच्या मोटारीच्या खोलीत एका एक्स्टेन्शन बोर्डला पाच फोन लावलेले, कोणता कोणाचा कळावं म्हणून मागे रंगीत दोरा, एकाला लाल, एकाला हिरवा, एकाला नुसतं चिकटपट्टीवर आडनावाचं पहिलं अक्षर. सगळे टचवाले. मी सहज विचारलं तर पाचातल्या तिघांचा रिचार्ज संपलेला. मग चार्ज कशाला करता, तर मेमरी कार्डात गाणी आहेत, रात्री टॉर्च लागतो, आणि घड्याळ बघायला. घरी काही निरोप असेल तर तो मुकादमाच्या फोनवर येतो. म्हणजे हा स्मार्टफोन सध्या रेडिओ, बॅटरी आणि घड्याळ आहे. आणि तिकडे सुरगाण्यात जे म्हातारी माणसं आणि लहान पोरं मागे राहिलीत त्यांच्या घरात फोनच नाही, तो इथे बागेत आलाय, तरी घरवाल्याला विचाराल तर तो म्हणेल फोन आहे आमच्याकडे, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

हे सर्व्हेच्या भाषेत सांगायचं तर उत्तर महिन्यावर अवलंबून आहे. जुलैमध्ये नागलीच्या लावणीला सगळे घरी असताना विचाराल तर एक चित्र, फेब्रुवारीत विचाराल तर वेगळं. २८ दिवसांचा रिचार्ज म्हणजे वर्षाला तेरा वेळा पैसे भरायचे, आणि ज्या महिन्यात दवाखाना निघतो किंवा लेकीचं बाळंतपण येतं त्या महिन्यात पहिली कात्री लागते ती यालाच. जुलै २०२४ मध्ये सगळ्या मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. डिसेंबरमध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, सांगितलं की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि मेसेजचे पॅक ठेवा, हे चांगलं झालं, पण त्याचा अर्थ हाच की डेटा परवडत नाही असे लोक भरपूर आहेत आणि ट्रायला ते माहीत आहे. तरी फोन "आहे की नाही" एवढंच विचारत राहिलो तर हे चालू-बंद चालू-बंद होणं कधीच दिसणार नाही. सिमकार्ड मोजून तर नाहीच नाही, शहरी भागात दर शंभर माणसांमागे शंभरावर कनेक्शन दिसतात कारण एकेकाकडे दोन दोन सिम.

असं नाही की नीट मोजायचं कसं हे जगाला ठाऊक नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं यासाठी खास मार्गदर्शक पुस्तकच आहे, २००९ ला आलं, २०१४ आणि २०२० ला सुधारलं, त्यात घराचे प्रश्न वेगळे आणि माणसाचे वेगळे. घरात इंटरनेट आहे का हा एक प्रश्न, आणि या माणसाने गेल्या तीन महिन्यांत इंटरनेट वापरलं का हा दुसरा. शाश्वत विकास ध्येयांमध्येही मोबाईल स्वतःचा असण्याचं प्रमाण स्त्री-पुरुष वेगळं काढायचं असं ठरलेलं आहे. आपल्याकडे प्रत्येक पाहणीची व्याख्या निराळी, एकीत "कधीतरी वापरलं का", एकीत "गेल्या तीस दिवसांत", एकीत "घरात सोय आहे का", आणि मग बातमीत हे सगळे आकडे एका रांगेत उभे करून प्रगती मोजतात. कधीतरी म्हणजे काय हो, एकदा भाचीने व्हिडिओ कॉल लावून बाळ दाखवलं तर ती आजी आयुष्यभरासाठी इंटरनेट वापरणारी?

आता २०२७ ची जनगणना. २०११ नंतर सोळा वर्षांनी होतेय, घरयादीचं काम २०२६ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर, ३३ प्रश्न, त्यात इंटरनेट, लॅपटॉप-कॉम्प्युटर, फोन-मोबाईल-स्मार्टफोन हे आहेत. आणि ज्यांना हवं त्यांनी पोर्टलवर स्वतः माहिती भरायची सोय. मला ही सोय आवडली, पण विचार करा, घरातलं कोण भरणार? ज्याच्या हातात फोन आहे तोच. म्हणजे फोन कोणाच्या हातात आहे या प्रश्नाचं उत्तर न विचारताच ठरणार आणि ते कुठे लिहिलं पण जाणार नाही.

कोणी म्हणेल, मॅडम, जनगणनेत अब्जावर लोक, त्यात तुम्ही प्रत्येकाला रिचार्ज कधी संपला विचारायला सांगता का. नाही सांगत. जनगणनेचा प्रगणक बहुतेक माझ्यासारखाच शिक्षक असतो, उन्हात फिरतो, त्याच्यावर आणखी प्रश्न लादायच्या मी पूर्ण विरोधात आहे. तिथे हो-नाही ठीक आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या हो-नाहीवर शासनाने निर्णय घेऊ नयेत. एखादी योजना "फक्त ऑनलाइन" करताना ८५ टक्के घरांत स्मार्टफोन आहे हा आकडा पुढे ठेवला जातो, आणि तिथे त्याच्या जोडीला दुसरा आकडा लागतो, की ज्या माणसासाठी योजना आहे त्याला ते काम गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने करता आलं का. हा आकडा काढायला थोडी घरं पुरतात, नमुना नीट निवडला तर. "असर"वाल्यांनी २०२३ मध्ये मुलांना नुसतं विचारलं नाही, फोन घेऊन या म्हणाले आणि त्यावर अलार्म लावायला, माहिती शोधायला, नकाशावर जायला किती वेळ लागतो ते बघायला, व्हिडिओ पाठवायला सांगितलं. ज्याला फोन आणताच आला नाही तेही कळलं. गावातले स्वयंसेवक हे करू शकले तर एक जिल्हा परिषद का नाही करू शकत?

नाशिक जिल्हा याला जणू मुद्दाम बनवल्यासारखा आहे. पंधरा तालुके, २०११ ला एकसष्ट लाख लोकसंख्या, एका टोकाला कॉलेज रोड आणि आयटीतली पोरं, मध्ये मालेगावचे यंत्रमाग, लासलगावचा कांद्याचा बाजार, निफाड-दिंडोरीची निर्यातीची द्राक्षं, आणि दुसऱ्या टोकाला सुरगाणा-पेठ जिथे अजूनही रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं. कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आहेत, मुक्त विद्यापीठ इथेच आहे ज्याचे विद्यार्थी नोकरी-शेती-संसार सांभाळून शिकतात आणि त्यांना हा प्रश्न स्वतःच्या अनुभवातून कळतो. प्रत्येक तालुक्यातली थोडी घरं घ्या, वर्षातून दोनदा जा, एकदा पावसाळ्यात आणि एकदा छाटणी-तोडणीच्या हंगामात. कुटुंबप्रमुखाला एक प्रश्न आणि घरातल्या बाकीच्यांपैकी चिठ्ठी टाकून निवडलेल्या एकाला बाकीचे प्रश्न, तेही एकट्याला. फोन तुझा आहे की घरातल्या कोणाचा, गेल्या तीस दिवसांत किती दिवस रिचार्ज नव्हता, शेवटचा ओटीपी तू वाचलास की कोणी वाचून दाखवला, आणि हे एक काम आता माझ्यासमोर करून दाखवतेस का. मराठी वाचता येत नसेल तर आवाजाने केलं तरी चालेल, ते वेगळं लिहा. पाच-सात मिनिटांचं काम आहे एका माणसामागे.

ती आठवीतली मुलगी आता डिप्लोमाला आहे. परवा भेटली तेव्हा तिच्या हातात स्वतःचा फोन होता, सुट्टीत सिडकोत एका दुकानात काम करून घेतलेला, आणि तिने मला सांगितलं की आईला ती रोज रात्री अर्धा तास शिकवते, आईने परवा पहिल्यांदा स्वतः पैसे पाठवले, गॅसवाल्याला. मी विचारलं, घरी सर्व्हेवाले आले होते का कधी? म्हणाली आले होते, बाबांशी बोलून गेले. यंदा जनगणनेवाले येतील तेव्हा मी आईलाच दारात उभी करणार आहे, असं तीच म्हणाली, मी काही न सांगता.